पट्टी दिसत नाही

खारवलीच्या पुलाला तीन खांब.
मधल्यावर पांढरी पट्टी, काळे आकडे
शून्यापासून नऊ मीटरपर्यंत.
नऊच्या वर वाचायची वेळ येईल
असं रंगाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अनाजी टुकरुल, पातळीवाचक.
छत्री मानेत धरून, पुरात तासातासाला
आकडा बघायचे, निळ्या रजिस्टरात उतरवायचे.
एकतीस पावसाळे, एक खाडाखोड नाही.
फक्त एका रात्रीचं पान असं:
८.६०
८.९५
पट्टी दिसत नाही
पट्टी दिसत नाही
पट्टी दिसत नाही
दर ओळीपुढे वेळ, दर ओळीखाली सही.

नव्या पुलाची उंची ठरवायला मी आले.
वरच्या कार्यालयाला शंभर वर्षांचा पूर हवाय.
माझ्याकडे वर्षं एकतीस,
आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा
अक्षरांत लिहिलेला.

म्हणून टेप आणि लेव्हल घेऊन बाजारात.
दाऊद सोलकरांनी हात कपाळाच्या वर नेला: इथवर.
पंचनाम्याला हाच हात आणखी दोन वीत वर होता,
समोरचा शिंपी हसत म्हणाला.
शेजारच्या प्रभुदेसायांना गाळा विकायचाय.
भिंतीला ताजा ऑइलपेंट.
“आमच्याकडे? उंबऱ्याला लागून गेलं, बस.”
मधे एक सामाईक भिंत,
आणि नदी दोन्हीकडे पाच फुटांच्या फरकाने.
पाणी असं उभं राहत नाही.

मशिदीच्या हौदावर एक रेघ आहे, चिऱ्यात कोरलेली,
या सगळ्यांच्याही वर.
सन शेवाळाने खाल्लाय.
उंची आहे, वर्ष नाही.
कागदावर तिला कुठे बसवू?

सुकट विकणाऱ्या रजनी पावसकरांनी
हात वर केला नाही. जिना दाखवला.
“सातव्या पायरीवर मांजर व्यालेली.
आठवीवर मी, कंदील घेऊन.
सातवी भिजली तशी पिल्लं ओटीत घेतली.
आठवी नाय भिजली, बाय.
मी हात लावून बघत होते ना सारखी.”
मी लेव्हल लावली.
नऊ पूर्णांक बेचाळीस.
चुकले तर एका पायरीने, सात इंचांनी.
एवढी सरळ साक्ष मला आजवर मिळाली नव्हती.

संध्याकाळी अनाजींच्या पडवीत आलेख पसरला.
ठिपके, आणि त्यांच्यातून हाताने ओढलेली रेघ,
उजवीकडे जाता जाता ठिपके विरळ,
शेवटी नुसतीच रेघ.
“शंभर वर्षांचा म्हणजे आता शंभर वर्षं निवांत?”
नाही, म्हटलं. पोतडीत शंभर सुपाऱ्या धरा,
एक लाल. दरसाल न बघता एक काढायची,
बघायची, परत टाकायची.
अडकित्ता थांबला.
“परत टाकायची? लालसुद्धा?”
लालसुद्धा.
ते बराच वेळ पोतडीसारखं तोंड करून बसले.

मग मी विचारलं, त्या रात्री अंदाजे का नाही लिहिलंत?
“साहेब म्हणालेच होते, दहा लिहून टाक.
पण दिसलं नाय तर लिहू कसं?
टेकाडावरनं बॅटरी मारत होतो.
खांब दिसत नव्हता.
घर पण दिसत नव्हतं.
पण घराचं लिहायला रजिस्टरात रकाना नाय.”
आत कुणीतरी स्टोव्हला पिन मारत होतं.
घर हे दुसरं, वर बांधलेलं.
पहिल्याबद्दल मी विचारलं नाही.

अहवालात लिहिलं: कमाल पातळी ९.४२,
संभाव्य चूक सात इंच,
आधार: जिना, पायरी सातवी.
मांजरीचं खोडलं, मग पुन्हा लिहिलं.
शंभर वर्षांच्या पुढे एक आकडा मांडला,
त्याच्यापुढे दुसरा, त्याच्याहून बराच मोठा,
आणि लिहिलं, खरा या दोघांमध्ये कुठेतरी असावा.
“असावा” वरचे साहेब काढतील.

आज नवी पट्टी रंगवतायत.
रंगारी परातीवर बसून विचारतो, कुठवर?
बारा, मी सांगते.
तो बारा काढतो, खाली बघतो, डबा हलवतो.
“रंग उरलाय, मॅडम.”